पिसवा कुत्र्यावर कमी, घरात जास्त: औषधाच्या बाटलीआधी करायची कामं

पाच वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या कुत्र्याला, ठिपक्याला, पिसवांनी इतकं हैराण केलं होतं की शेपटीच्या मुळाशी केस जाऊन लाल कातडी दिसू लागली होती. गोठ्यात म्हशीच्या गोचिड्यांसाठी आणलेलं औषध होतं. मी अंदाजाने झाकणभर बादलीत घातलं, मागच्या पायरीवर त्याला आंघोळ घातली आणि उरलेली बादली तिथेच ओतली. त्या पायरीचं पाणी सरळ ओढ्याला जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या डबक्यात बारीक मासे पोटं वर करून तरंगत होते, चिंगळ्या काठाला लागल्या होत्या आणि दोन खेकडे दगडाशी उलटे पडले होते. ठिपक्या दिवसभर लाळ गाळत पडून राहिला, त्याला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. एवढं करून आठवड्याभरात त्याच्या अंगावर पुन्हा पिसवा होत्याच.

ते डबकं आठवलं की मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर मी पिसवांबद्दल मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि घरात एक पद्धत बसवली. गेली चार वर्षं पिसवांसाठी औषध लावायची वेळ दोनदाच आली. ती पद्धत इथे सविस्तर लिहिते आहे.

औषध उतरतं कुठे

ब्रिटनमध्ये कुत्र्या-मांजरांच्या मानेवर दर महिन्याला थेंब टाकायची पद्धत फार रुळलेली आहे. त्या थेंबांत मुख्यतः फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं असतात. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ ते २०१८ या काळातले इंग्लंडमधल्या २० नद्यांचे नमुने पाहिले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक नमुन्यात फिप्रोनिल सापडलं आणि सुमारे दोन-तृतीयांश नमुन्यांत इमिडाक्लोप्रिड. ही औषधं कुत्र्याच्या आंघोळीतून, त्याचं अंथरूण धुताना, इतकंच काय त्याला कुरवाळून आपण हात धुतो तेव्हाही मोरीत उतरतात. थेंब टाकल्यावर किमान २८ दिवस हे चालू राहतं. याच विद्यापीठाचे डेव्ह गूल्सन यांनी मांडलेला एक हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही: मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या एका महिन्याच्या मात्रेत जेवढं इमिडाक्लोप्रिड असतं, तेवढं सुमारे ६ कोटी मधमाश्या मारायला पुरे.

पुढे २०२५ मध्ये तिथल्याच टिट जातीच्या छोट्या पक्ष्यांची १०३ घरटी तपासली गेली. हे पक्षी घरट्याच्या आत प्राण्यांचे केस अंथरतात. सगळ्याच्या सगळ्या घरट्यांत फिप्रोनिल निघालं. जिथे कीटकनाशकं जास्त, तिथे न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लंही जास्त होती.

हीच औषधं आपल्याकडेही प्राण्यांच्या दुकानात मिळतात. आपल्याकडचा दयाळ ढोलीत केस आणि मुळ्यांची गादी करतो. चिरक केस वापरतो, शिंपी पानं शिवून झाल्यावर आत कापसाबरोबर केस भरतो, चिमणी तर पिसं-केस जे मिळेल ते नेते. आपण अंगणात कुत्रा विंचरतो आणि ते पुंजके कुंपणाला अडकून राहतात, तेच हे पक्षी उचलतात. पाण्याचंही तसंच. चतुर आपली पोरं पाण्यात वाढवतो आणि ती पोरं डासांच्या अळ्या खातात. पाण्यात कीटकनाशक गेलं की चतुराची पोरंही जातात.

शत्रू राहतो कुठे

पिसू आपल्याला कुत्र्याच्या अंगावर दिसते, म्हणून आपण कुत्र्यालाच औषध फासतो. पण लागण झालेल्या घरात अंगावरच्या मोठ्या पिसवा साधारण ५ टक्केच असतात. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरात पसरलेल्या असतात. मादी पहिल्यांदा रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि भरात आली की दिवसाला चाळीस-पन्नास घालते. अंडं मिठाच्या बारीक दाण्यासारखं, गुळगुळीत. ते केसांवर ठरत नाही, कुत्रा जिथे लोळेल तिथे गळून पडतं. दोन ते दहा दिवसांत त्यातून अळी निघते. ती उजेडापासून पळते, म्हणून फटीत, गालिच्याच्या मुळाशी, गोधडीच्या शिवणीत शिरते. तिचं मुख्य खाणं म्हणजे मोठ्या पिसवांची वाळलेल्या रक्ताची विष्ठा. मग ती चिकट कोष विणते आणि त्याला धूळ चिकटून तो दिसेनासा होतो.

खरी गोम या कोषात आहे. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही, काही महिनेसुद्धा थांबते. पावलांची धमक, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यांतलं काही जाणवलं की बाहेर उडी मारते. मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जाऊन आल्यावर कुलूप उघडून आत पाऊल टाकताच घोट्यांवर पिसवा चढतात, त्याचं कारण हेच. एवढ्यासाठी पूर्ण निकाल लागायला तीन आठवडे ते तीन महिने लागतात. दहाव्या दिवशी पुन्हा पिसू दिसली म्हणून हात टेकू नका.

आधी खात्री करा

पिसू तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी, केसांतून भराभर पळणारी आणि उडी मारणारी. गोचीड एका जागी चिकटून फुगते, उडी मारत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण खाली लिहिलेलं सगळं पिसवांसाठी आहे. गोचीड हा वेगळा विषय आहे, त्याच्याकडे शेवटी येते.

पिसू सापडत नसेल तर तिची घाण शोधा. कुत्र्याला पांढऱ्या पंच्यावर उभा करून शेपटीच्या मुळाशी उलट्या दिशेने केस चोळा. मिरपूड सांडल्यासारखे काळे कण पडतील. त्यांवर पाण्याचे चार थेंब टाकून मिनिटभर थांबा. माती असेल तर काळीच राहते. पिसवांची घाण असेल तर कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरतं, कारण ते कुत्र्याचंच रक्त आहे. पहिल्यांदा ते वर्तुळ पसरताना पाहिलं तेव्हा ठिपक्या रात्रभर का कुरतडत होता ते मला कळलं.

घर तपासायला पांढरे लांब मोजे पायजम्यावर ओढून प्रत्येक खोलीत पाच मिनिटं फिरा, कोपऱ्यांत जरा पाय आपटा. मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारताना दिसतील. कुठल्या खोलीत जास्त ते लिहून ठेवा. साफसफाईची सुरुवात तिथून करायची.

फणी

सगळ्यात जास्त काम उवा काढायच्या बारीक दातांच्या फणीने होतं. धातूच्या दातांची घ्या, प्लास्टिकचे दात वाकतात आणि पिसू निसटते. शेजारी वाडग्यात कोमट पाणी आणि दोन थेंब साबण ठेवा. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निसटते, साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ती तळाला जाते.

केस दाट असतील तर आधी साध्या ब्रशने गुंता सोडवा. मग मानेभोवती, कानामागे, काखेत, पोटाखाली, जांघेत आणि शेपटीच्या मुळाशी फणी कातडीला टेकवून हळू ओढा. प्रत्येक फटकाऱ्यानंतर फणी वाडग्यात बुडवा. नखावर पिसू चिरडू नका. कुत्र्या-मांजरांत फितीसारखा जंत पसरवणारी अळी पिसवेच्या पोटात असते, आणि मुलांच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यांनाही तो जंत होतो. प्राण्याच्या शेपटीखाली काकडीच्या बीसारखे किंवा तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तोच जंत समजा आणि डॉक्टरांकडून त्याचं औषध घ्या. पिसवा तशाच ठेवून नुसतं जंताचं औषध दिलं तर जंत परत येतो.

पहिले तीन आठवडे रोज दहा मिनिटं, नंतर आठवड्यातून दोनदा. आमच्याकडे हे संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी होतं. मी कॅलेंडरवर त्या दिवशी किती पिसवा निघाल्या तो आकडा लिहिते. पहिल्या दिवशी ३४ होत्या, आठव्या दिवशी ११, बाराव्या दिवशी एकदम १९ झाल्या, मग उतरत गेल्या. मधली ती उसळी कोषांतून निघालेल्यांची होती. आकडे समोर नसते तर मी तेव्हाच पुन्हा बाटलीकडे वळले असते.

मांजराला फणी हाच मुख्य उपाय. मांजर स्वतः चाटून पिसवा गिळतं, त्यामुळे अंगावर फारशा दिसत नाहीत. आमची सोनी मांडीवर पाचच मिनिटं थांबते. तेवढी रोज मिळाली तरी पुरतात.

आंघोळ

कुत्र्यालाच. कोमट पाणी आणि कुत्र्यांचा सौम्य, कीटकनाशक नसलेला शॅम्पू. आधी मानेभोवती कानांच्या खाली फेसाचं जाड कडं करा. पाणी पडलं की पिसवा डोळ्या-कानांकडे पळतात, ते कडं त्यांना अडवतं. मग मागून पुढे अंग भिजवा, फेस पाच ते दहा मिनिटं राहू द्या, त्याच वेळी फणी फिरवा. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त नको, कातडी कोरडी पडून खाज वाढते. भांड्यांचा साबण वारंवार वापरल्यानेही तेच होतं. या आंघोळीचं पाणी झाडांच्या आळ्यात ओता, ओढ्यात किंवा तळ्यात साबणही नको.

लहान पिल्लांना आंघोळ घालून गारठवू नका, त्यांना नुसती फणी.

अंथरूण आणि घर

आता त्या ९५ टक्क्यांकडे. इथे जेवढी मेहनत कराल तेवढं पुढचं सोपं.

कुत्र्याचं गोणपाट किंवा जुनी गोधडी उचलताना झटकू नका, अंडी खोलीभर उडतात. चारी टोकं आत दुमडून गुंडाळी करा आणि थेट बादलीत घाला. हात घालवणार नाही इतकं गरम पाणी आणि धुण्याची पावडर, अर्धा तास. वॉशिंग मशीन असेल तर ६० अंशांवर लावा. मग गच्चीवर किंवा पत्र्यावर कडक उन्हात, दोन्ही बाजू उलटून. अळीला ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. दर चार दिवसांनी, निदान महिनाभर. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून जाड गोधडीऐवजी जुन्या चादरीच्या दोन घड्या घालते. एक धुवायला, एक अंथरायला. जाड अंथरूण पावसात वाळत नाही आणि ओलसर राहिलं की अळ्यांना आयतं घर मिळतं.

जमिनीसाठी व्हॅक्यूम असेल तर उत्तम, त्याच्या थरथरीने कोषांतल्या पिसवा बाहेर येतात आणि ओढल्या जातात. पण त्याची पिशवी लगेच बाहेर नेऊन रिकामी करा. व्हॅक्यूम नसेल तर केरसुणी पुरते, फक्त जिथे रोज पोचत नाही तिथे पोचवायला हवी: पलंगाखाली, कपाटामागे, सोफ्याच्या खाचांत, उंबऱ्याच्या फटीत, पायपुसण्याखाली. भरलेली सुपली साबणाच्या पाण्यात उपडी करा. मग फरशी गरम पाण्याने पुसून पंखा लावा. पहिले दोन आठवडे रोज, नंतर एक दिवसाआड. जुन्या घरांत फरशीच्या फटी सिमेंटने बुजवल्या आणि मातीच्या घरात नीट सारवण केलं, तर अळ्यांच्या जागाच उरत नाहीत.

घरात शिल्लक किती आहेत हे पाहायला रात्री जमिनीवर पसरट ताटलीत साबणाचं पाणी ठेवून वर टेबलाचा दिवा लावा. सकाळी काही पिसवा बुडालेल्या सापडतात. याने घर साफ होत नाही, अंदाज मात्र छान येतो.

अंगण, मुंग्या आणि बाकी मंडळी

अंगणभर फवारणी करायची काहीच गरज नाही. उघड्या उन्हात अळी जगत नाही. ती असते कुत्रा दुपारी पडतो त्या सावलीतल्या भुसभुशीत मातीत, जिन्याखाली, लाकडांच्या ढिगाशी. तेवढ्याच जागेतला पाचोळा काढा, माती खालवर करा, फांदी छाटून ऊन येऊ द्या. बाकीच्या बागेतला पाचोळा तसाच राहू दे, त्यात गांडुळं, बेडूक, सापसुरळ्या आणि पाचोळा उलटून किडे टिपणारे सातभाई यांचा संसार असतो.

मुंग्यांना मारू नका. पिसवांची अंडी आणि अळ्या मुंग्या उचलून नेतात. कीटकनाशक फवारलं की आधी या मुंग्या जातात आणि फटीतला कोष मात्र शाबूत राहतो.

शेळ्या, कोंबड्या असतील तर त्यांची जागाही याच आठवड्यात झाडा. आपल्याकडे कुत्र्यांवरची पिसू शेळ्यांवरही आढळते, त्यामुळे एकटा कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. उंदरांचं येणं-जाणं थांबवा, धान्य झाकून ठेवा.

पाला, तेल आणि लोक सांगतात ते

नैसर्गिक म्हणजे निर्धोक हा समज मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. माझ्या ओळखीतल्या दोन मांजरी तेलांमुळे सलाईनवर गेल्या, म्हणून स्पष्ट लिहिते.

कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी कुत्र्याच्या आंघोळीनंतर शेवटी अंगावरून ओतायला हरकत नाही. वासाने पिसवा थोड्या दूर राहतात, खाज कमी वाटते. त्यावर विसंबून मात्र राहू नका. मांजराला लावू नका, ते चाटतं. कडुनिंबाचं किंवा करंजाचं निव्वळ तेल कुणाच्याच अंगाला नको.

टी ट्री, निलगिरी, लवंग, पुदिना यांची अर्कतेलं मांजराच्या जवळपासही नकोत. या तेलांतले घटक मोडून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. लिंबू-संत्र्याच्या सालीच्या तेलाचंही तेच. कापूर आणि डांबराच्या गोळ्या अंथरुणात ठेवणं विषारी आहे. लसूण-कांदा खाऊ घातल्याने पिसवा जात नाहीत, रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र फुटतात. रॉकेल, फिनेल, चुना यांनी कातडी भाजते. आणि कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, मांजर दगावतं. जनावरांच्या गोचीडनाशकाचं काय होतं ते सुरुवातीलाच सांगितलं.

औषध लागतंच तेव्हा

काही वेळा लागतं, आणि तेव्हा मागेपुढे पाहू नये. हिरड्या पांढुरक्या पडलेलं पिल्लू रक्त कमी झाल्याने मरू शकतं, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोड्या चाव्यांनीही अंगभर खाज आणि जखमा होतात. त्याला फणीवर ठेवणं म्हणजे त्याचा छळ आहे. आणि गोचिड्या. आपल्याकडे त्यांच्यापासून एर्लिकिया, बबेसिया हे जीवघेणे आजार होतात, ज्यांना सगळे टिक फीव्हर म्हणतात. तुमच्या भागात गोचिड्या असतील तर त्यांचं औषध माझा हा लेख वाचून बंद करू नका. कुठलं, किती दिवसांनी, हे डॉक्टर ठरवतील. पिसवा नसताना सवयीने दर महिन्याला थेंब टाकायची गरज आहे का, एवढं मात्र त्यांना जरूर विचारा.

थेंब टाकले तर हातमोजे घाला आणि ते कचऱ्यात टाका. पुढचे काही दिवस आंघोळ नको. नदी, तळं, शेततळं यांत त्याला महिनाभर तरी उतरू देऊ नका. रिकामी नळी पाण्याने विसळू नका. त्या काळात विंचरलेला प्रत्येक केस कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात.

औषध न लावलेल्या कुत्र्याचे केस मात्र पक्ष्यांना देता येतात. माघापासून ज्येष्ठापर्यंत मी ठिपक्याचे आखूड केस साबणाच्या वाडग्यातून न काढता वेगळे कोरडे विंचरून ठेवते आणि तगरीच्या फांदीत सैल खोचते. माणसांचे लांब केस किंवा दोरा त्यात मिसळू नका, पिल्लांच्या पायाला गुंडाळून पाय कापला जातो. गेल्या वर्षी विहिरीच्या भिंतीतल्या भोकात दयाळाने घरटं केलं. मादी तगरीवर येऊन चोचीत मावेल तेवढा पांढरा-काळा पुंजका घ्यायची आणि शेपटी उडवत भोकात शिरायची. पिल्लं उडून गेल्यावर बॅटरी लावून आत पाहिलं, तर गवताच्या काड्यांवर ठिपक्याच्या केसांचं दाबून बसवलेलं अस्तर होतं.